साडीकडे कार्य आहे

नागपुरात थंडी पडल्याची खबर हवामान खात्याच्या आधी धंतोलीच्या बागेत लागते. दिवाळीचे आकाशकंदील उतरतात आणि एका सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या अंगावर स्वेटर, मफलर, माकडटोप्या दिसू लागतात. त्यांच्या दोन पावलं पुढे डांबरगोळ्यांचा वास चालत असतो. रोज येणाऱ्याला नुसत्या वासावरून माणूस ओळखता येतो. निवृत्त प्राध्यापक गेले की कापूर आणि डांबरगोळी समसमान. त्यांच्या मागून येणाऱ्या वकीलसाहेबांकडे निव्वळ डांबरगोळी, पण सढळ हाताने. बाकावर प्राणायाम करणाऱ्या डॉक्टरांच्या घरी यंदा पुण्याच्या सुनेने लव्हेंडरच्या पुरचुंड्या आणल्या आणि सासूबाईंनी डांबरगोळ्या काढल्या नाहीत, त्यामुळे डॉक्टरांच्या शालीत दोन पिढ्यांचा संघर्ष एकदम हुंगायला मिळतो. त्यांच्या शेजारी बसणारे हल्ली श्वास बागेत सोडतात आणि घ्यायला घरी जातात.

याला कारण आमची थंडी. मुक्काम थोडा, तोरा मोठा. २९ डिसेंबर २०१८ला इथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. याच शहराने २३ मे २०१३ला ४७.९ अंश पाहिले आहेत. या दोन आकड्यांच्या मधे माणसं कशी राहतात, अशी चौकशी बाहेरगावचे पाहुणे फार आस्थेने करतात. स्वेटर कसा राहतो, हे कोणी विचारत नाही. तो बिचारा वर्षातला बहुतेक काळ लोखंडी अलमारीच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात काढतो, आणि बाहेर आल्यावर त्याला पहिलं वाक्य ऐकू येतं ते, "अगं, याला वास येऊन राहिला ना!"

डिसेंबरात या वासात मुंबईची भर पडते. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर कराराने विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरवलं आणि १९६०पासून मुंबईचं सरकार थंडीत इकडे यायला लागलं. मंत्री येतात, सचिव येतात, फायली येतात, आणि प्रत्येकाच्या बॅगेत एक कोट येतो. मुंबईच्या माणसाला गरम कपडा लागतो तो नागपूरसाठीच. वर्षभर दमट हवेत लटकलेल्या त्या कोटाला कुबट वास असतो, आमच्या कोटाला कोरडा रासायनिक. सिव्हिल लाइन्समधल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर डोळे मिटून उभे राहिलात तरी कोण मंत्रालयातला आणि कोण जिल्हा परिषदेतला, हे कळतं. मोर्चे यशवंत स्टेडियमवरून निघतात आणि धरण्यांचे मंडपही तिथेच पडतात, म्हणजे लोकशाहीचा हा सगळा सोहळा धंतोलीच्या दाराशी. अधिवेशनाचा काळ वाढवा ही विदर्भाची जुनी मागणी आहे. तिला माझा पाठिंबा आहे, पण वेगळ्या कारणाने. कोटाचा वास पुरता उडायला चांगले दोन-तीन आठवडे मोकळी हवा लागते, आणि तो उडायच्या आत सरकार कोट घडी करून परत निघतं. तोच अर्धवट वारा खाल्लेला कोट पुढच्या डिसेंबरात पुन्हा येतो. प्रलंबित प्रश्नांचं असंच होत असावं.

बरं, थंडी एवढीशी असताना धंतोलीच्या जुन्या घरांत इतके कोट आले कुठून? तर त्याचं उत्तर पचमढीत आहे. नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती आणि उन्हाळी राजधानी पचमढी. उन्हं तापली की सरकार डोंगरावर जायचं. पिपरियापर्यंत रेल्वे, पुढे घाट. सरकारबरोबर बाबू जायचे आणि बाबूबरोबर कोट जायचा, थोडा डोंगरातल्या हवेसाठी आणि बराचसा साहेबासाठी. पुढे साहेब गेला, कोट टिकला. मग १ नोव्हेंबर १९५६ उजाडला. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला. फायली गेल्या, खुर्च्या गेल्या, काही माणसंही गेली. कोट राहिले. राजधानी गेल्याचं दुःख आमच्याकडे अजून चहाबरोबर निघतं, पण एका रात्रीत बेरोजगार झालेल्या त्या कोटांसाठी कोणी हळहळलेलं मी ऐकलं नाही. वेगळ्या विदर्भाची मागणी सिंचनाच्या अनुशेषामुळे टिकून आहे, असं अभ्यासक सांगतात. मला मात्र कोटांचा संशय आहे. राजधानी परत आली तर त्या दिवशी घालायला काहीतरी असावं, या एका आशेवर कित्येक ट्रंका धंतोलीत अजून कुलपात आहेत.

आता या ट्रंकांचे शत्रू. लोकर खाणारा म्हणून आपण ज्या फिक्कट सोनेरी पतंगाला टाळी वाजवून मारतो, तो बिचारा काही खातच नाही. खाण्याजोगं तोंडच त्याला नसतं. खाते त्याची अळी, आणि टाळी वाजेपर्यंत तिचं जेवण उरकलेलं असतं. ही अळी अंधारात राहते आणि नुसत्या लोकरीवर फारशी खूश नसते. तिला घामाचं, मठ्ठ्याचं, बासुंदीच्या थेंबाचं तोंडी लावणं लागतं. म्हणजे भाच्याच्या लग्नात घातलेला कोट "एकदाच तर घातला" म्हणत जसाच्या तसा आत टाकणं, हे अळीला आमंत्रणपत्रिका छापून पाठवणं झालं. कपडा ठेवण्याआधी धुवावा किंवा ड्रायक्लीनला द्यावा, नीट कोरडा करावा आणि मगच आत घालावा, एवढं जरी पाळलं तरी पुढची निम्मी उस्तवार वाचते. पण ते कोणी पाळत नाही, कारण त्यात वास नाही. आपल्याला संरक्षण नाकाने कळावं लागतं.

सुती कपड्याचा शत्रू निराळा. चंदेरी, चपळ, दिव्याला घाबरणारी कसर. तिला लोकरीपेक्षा खळ प्रिय. आपल्याकडे पद्धत अशी की ठेवणीतली सुती साडी आधी कडक खळ करायची, इस्त्री फिरवायची, कप्प्यात वर्तमानपत्र अंथरायचं आणि त्यावर घडी ठेवायची. कसरीला खळ आवडते आणि कागदही आवडतो. म्हणजे तिची जेवणाची सोय झाली आणि वर वाचायला पेपरही मिळाला. (ते वर्तमानपत्र आवराआवर करणाऱ्याच्याही कामाचं असतं. कपाट आवरायला बसलेल्या कोणत्याही माणसाचे पहिले दोन तास खाली अंथरलेल्या जुन्या अंकातल्या सोन्याच्या भावावर जातात.) खळ ही नेसायच्या आदल्या दिवशी करायची गोष्ट आहे. ठेवायची साडी मऊच असावी, आणि कप्प्यात पेपराऐवजी धुतलेलं जुनं सुती कापड. शाईचे डागही पडत नाहीत आणि कागद पिवळा पडून त्याचा पिवळेपणा साडीत उतरतही नाही.

आणि डांबरगोळी. आपल्या संस्कृतीत ज्या गोष्टींवर प्रश्न विचारायचा नसतो त्यांत हिचा क्रमांक बराच वर आहे. दगडी कोळशाच्या डांबरातून निघालेलं हे नॅप्थालीन वितळत बसत नाही, थेट हवेत जातं. ही वाफ हवेपेक्षा जड, म्हणून गोळ्या वरच्या बाजूला टांगायच्या आणि वाफ खाली उतरू द्यायची. आपण काय करतो? सगळ्यात खालच्या कप्प्यात, कागदाखाली, कोपऱ्यात सरकवतो. त्यामुळे धंतोलीतल्या फरश्या अत्यंत सुरक्षित आहेत. एकाही फरशीला आजवर कसर लागलेली नाही. गोळी उघड्या कपाटात उपयोगाची नाही, घट्ट बंद पेटी हवी. ती कापडाला थेट लागू द्यायची नाही, पुरचुंडीत बांधायची. आणि बागेतल्या आमच्या प्राध्यापकांनी निवडलेली कापूर-डांबरगोळीची जोडी तर कपाटात एकत्र नकोच. दोन्ही एकमेकांना पातळ करतात, आणि नागपूरच्या उकाड्यात तर त्यांचा तेलकट ओघळ व्हायला फारसं निमित्त लागत नाही. प्राध्यापक रसायनशास्त्राचे होते, हे मी जाता जाता नोंदवून ठेवतो.

एक गोष्ट मात्र थट्टेत घालवू नये. बाळंतपणासाठी जपून ठेवलेली कुंची, दुपटं, झबलं हे डांबरगोळ्यांतून काढून सरळ तान्ह्याच्या अंगावर चढवू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाच्या एका विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांना या वाफेने रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. युरोपीय संघाने तर या गोळ्या २००८मध्ये बंदच केल्या. कपडे धुवावेत, उन्हात-वाऱ्यात चांगले पडू द्यावेत, मग वापरावेत. हा सल्ला धंतोलीत कोणाही बालरोगतज्ज्ञाकडे मिळेल, आणि बालरोगतज्ज्ञ धंतोलीत कोणत्याही फाटकातून आत गेलात तरी मिळेल.

नागपूरकर कपड्यांचा जो शत्रू पुस्तकांत सापडत नाही, तो खिडकीत बसलेला असतो. कूलर. एप्रिल-मेमधे इथली हवा इतकी कोरडी की टॉवेल दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. एरवी कपड्यांना याहून चांगला हंगाम नाही, बुरशीची हिंमत होत नाही. पण आपण काय करतो, तर खिडकीला एक टाकी लावतो, ताट्यांवर पाणी सोडतो आणि तो ओला वारा खोलीभर फिरवतो. कूलरसमोर पलंग असतो आणि पलंगामागे अलमारी. माणूस वाऱ्यातून उठून ऑफिसला तरी जातो, अलमारी कुठे जाणार? दुपारभर तिच्या फटीतून दमट वारा आत शिरतो. जूनमधे मृग लागतो, खऱ्या पावसाची दमट हवा येते, आणि ऑगस्टात कपाट उघडलं की शालूवर पांढुरके ठिपके. "पावसामुळे झालं बाप्पा," असं घरात एकमताने ठरतं. पावसाचा त्यात वाटा नाही असं नाही, पण सुरुवात कूलरने केलेली असते आणि कूलरवर आळ घेण्याची नागपुरात कोणाची छाती नाही. विरोधी पक्षही तो विषय काढणार नाही. अलमारी कूलरच्या झोतातून बाजूला सरकवणे एवढाच उपाय. तो आमच्या घरी गेली काही वर्षं तत्त्वतः मंजूर आहे.

वाळ्याची एक जुडी कपड्यांत ठेवण्याची जुनी पद्धत आहे. तीच वनस्पती कूलरच्या ताटीत बसून कपडे भिजवते आणि कपाटात बसून सुगंधी करते. वेखंडाचे तुकडे, लवंगा, कडुनिंबाचा पाला हेही जुने रखवालदार. पाला मात्र कडकडीत वाळलेला हवा. उत्साहाच्या भरात ताज्या डहाळ्या कोंबल्या तर कडुनिंब कपड्यांना ओल देतो आणि वर हिरवे डागही.

मे महिन्याचं ऊन हे खरं औषध. गच्चीवर दुपारी दोन वाजता पसरलेल्या काळ्या कोटाच्या आतलं तापमान पन्नाशी सहज ओलांडतं, आणि त्यात ना अळी जगत ना तिची अंडी. जगात लोक यासाठी यंत्रं विकत घेतात. आपल्याला देवाने फुकट दिलं आहे, अडचण एकच. मे महिन्यात गच्ची आधीच आरक्षित असते.

"काकू, हे कोट टाकू का या बाजूला?" मी एकदा दुपारी वर जाऊन विचारलं. वरच्या मजल्यावरच्या काकू डोक्यावर पदर घेऊन कुरडयांची राखण करत बसल्या होत्या.

"काहून? कुरडया हलवून राहिला का तू?"

"नाही, कडेला. लोकर आहे, ऊन दाखवायचं होतं."

"डांबरगोळीचा वास माझ्या कुरडयांना लागला तर अधिक महिन्यात जावयाला काय तुझे कोट तळून वाढू?"

याला उत्तर नव्हतं. कोट जिन्याच्या कठड्यावर गेले. नंतर काकूंनीच सांगितलं की रेशमाला हे ऊन दाखवायचंच नसतं. रेशमाचा रंग उडतो, धागा कडक होतो. रेशमी साडी घरात, सावलीत, पंख्याखाली, आतली बाजू बाहेर करून. लोकरीला ऊन, रेशमाला वारा, सुतीला दोन्ही. आणि उन्हातून आणलेला कपडा गरम असताना घडी करायचा नाही, निवू द्यायचा.

पण गच्च्याच उरल्या नाहीत, हे धंतोलीचं नवं दुःख. बंगले गेले आणि त्यांच्या जागी रुग्णालयं आली. जिथे आंब्याखाली झोपाळा होता तिथे आता सोनोग्राफी आहे. गाड्या लावायला जागा नाही म्हणून धंतोलीकर कोर्टापर्यंत जाऊन आले. शेजारच्या रुग्णालयाला दोन मजले चढले की आपल्या गच्चीवरचं ऊन तीनच्या पुढे बंद, आणि वीज गेली की त्यांच्या जनरेटरचा धूर आपल्या दोरीवर. चांदीच्या जरीला गंधकाचं वावडं असतं, ती काळी पडते. पैठणीचा पदर काळवंडला तर आपण साडीच्या दुकानदाराला नावं ठेवतो, पण त्याआधी साडी कुठे वारा खात होती तेही पाहावं. रबरबँड लावून ठेवली असेल किंवा वरून अत्तर फवारलं असेल तरी तोच परिणाम. साडी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधी बाहेर काढावी, मग जरीचा पदर आत घेऊन मलमलीत गुंडाळून ठेवावी. प्लॅस्टिकमधे कोंडलेली ओल बाहेर पडत नाही. दुकानाची ती चेन लावलेली पारदर्शक पिशवी साडी दुकानातून घरी आणण्यापुरती असते, हे मी सांगून पाहिलं. "मग साडी दिसणार कशी?" असं मला विचारण्यात आलं. कपाट बंद असताना ती कोणाला दिसते, हे विचारण्याची वेळ ती नव्हती.

नागपुरातली सगळ्यात मोठी कपाटउघडणी मात्र विजयादशमीला होते. त्या एका दिवशी शहराच्या एका बाजूला रेशीमबागेत संघाचा गणवेश ट्रंकेतून बाहेर पडतो. २०१६च्या विजयादशमीला खाकी अर्धी चड्डी जाऊन तपकिरी फुलपँट आली, तेव्हापासून त्या चड्ड्या कित्येक घरांत फेकवत नाहीत आणि घालवत नाहीत अशा अवस्थेत आहेत. दुसऱ्या बाजूला दीक्षाभूमीवर पांढऱ्या साड्या आणि पांढऱ्या सदऱ्यांचा समुद्र लोटतो. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हा लोक पांढरी वस्त्रं लेवून आले होते. पांढरा कपडा ठेवणं सगळ्यात अवघड, हे कोणत्याही गृहिणीला विचारा. आत राहून तो पिवळा पडतो. तरी त्या दिवशी दिसतात ते कपडे शुभ्र असतात, कारण त्यांच्यावर वर्षभर कोणाचं तरी लक्ष असतं.

बाबासाहेबांचे स्वतःचे कोट, हॅट, टंकलेखनयंत्र अशा वस्तू त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी जपल्या आणि धम्मदीक्षा सोहळ्याच्या आयोजकांपैकी एक असलेल्या वामनराव गोडबोले यांच्या हाती सोपवल्या. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्या आहेत. नुसतं जपून ठेवणं कापडाला पुरत नाही, ते तिथेही दिसलं. काळाचा परिणाम दिसू लागला तेव्हा तज्ज्ञांकडून त्यांच्यावर रासायनिक संवर्धनाची प्रक्रिया करून घ्यावी लागली. ते योग्यच झालं. त्या कोटाला पुन्हा कोणाच्या अंगावर चढायचं नाही, त्याने आता फक्त राहायचं आहे, आणि पुढच्या पिढ्यांना तो दिसायला हवा.

माझ्या सफारीची तशी काही ऐतिहासिक जबाबदारी नाही. तो बघायला कोणी रांग लावणार नाही. तरी त्याचा बंदोबस्त वस्तुसंग्रहालयाला लाजवील असा. रुंद खांद्याचा लाकडी हँगर, कारण तारेच्या हँगरने खांद्याला कोंब येतात आणि तार गंजली तर डाग. त्यावर मलमलीची खोळ, वर टांगलेली वेखंडाची पुरचुंडी, खिशात लवंगा. अळी, कसर, बुरशी, जरीचा काळेपणा, सगळ्या दिशांनी नाकेबंदी. आणि इतकं करून एखाद्या मुंजीला तो काढावा, तर कापड नवंकोरं, शिवण शाबूत, बटणं जागच्या जागी, फक्त बटण आणि काजं यांच्या मधे चार बोटांचं अंतर पडलेलं. हे अंतर कसरीने केलेलं नाही. ते सावजी रस्सा, तर्री पोहे आणि संत्रा बर्फीने केलेलं आहे, आणि त्यावर बाजारात अजून गोळी निघालेली नाही. माझ्या ओळखीच्या कोणत्याही पुरुषाचा लग्नातला कोट कसरीने खाऊन वाया गेलेला नाही. सगळे खाण्यानेच वाया गेले, पण खाणारा वेगळा होता.

हे गणित आमच्या इमारतीत फक्त काकूंनी सोडवलं आहे. काकू भंडाऱ्याकडच्या. त्यांच्याकडे मोहाडीच्या विणकराची करवतकाठी टसर आहे, काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, अजून रंग न उतरलेली. शिवाय दोन पैठण्या, एक हिरवा शालू, एक निळी कांजीवरम, आणि सासूबाईंचं एक जांभळं नऊवार. त्यांच्या कपाटाला वास येत नाही. मी मुद्दाम जवळून गेलो आहे. कारण त्या साड्या ठेवतच नाहीत, नेसतात. कपाटातल्या रांगेप्रमाणे प्रत्येक साडीचा नंबर लागतो. नंबर आला की साडी निघते, उलगडते, उजेडात दोन्ही बाजूंनी तपासली जाते, नेसली जाते, रात्रभर दोरीवर वारा खाते आणि दुसऱ्या दिवशी जुन्या घडीवर घडी न येऊ देता नव्याने दुमडली जाते. वर्षानुवर्षं एकाच रेघेवर दुमडलेलं रेशीम तिथेच चिरतं, जर तिथेच तुटते, हे त्यांना ठाऊक आहे. प्रसंग असो नसो, नंबर चुकत नाही.

त्यामुळे काकू पैठणी नेसून वांगी आणायला जातात. भाजीवाल्याने विचारलं, "काकू, कोणाकडे कार्य आहे?"

"साडीकडे," काकू म्हणाल्या. "पावशेर मिरच्या दे."

नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत सगळे विटक्या सुती कपड्यांत, हयात आहोत की नाही अशी शंका यावी अशा बेताने रांगेत उभे. काकू टसर नेसून, केसांत अबोली माळून. खिडकीतल्या तरुणाने वर पाहिलं आणि खुर्चीतून अर्धा उठला.

"मॅडम, आज काही विशेष?"

"जिवंत आहे असं सांगायला आले. तसं दिसायला नको का?"

हिरव्या शालूचा नंबर नेमका समोरच्या रुग्णालयात पित्ताशयाच्या खड्यांसाठी दाखल झालेल्या आमच्या शेजाऱ्यांना भेटायच्या दिवशी आला. लिफ्टजवळच्या गार्डने अदबीने हात आडवा केला, "मॅडम, लग्नाचा हॉल मागच्या गल्लीत आहे." काकू वर गेल्या. शेजारी गुंगीतून नुकते जागे झाले होते. समोर हिरवा शालू, जरीचा पदर, हातात नारळाच्या पाण्याची पिशवी. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "अगं, आपण आहेर काय आणला?"

काकू म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी निळीचा नंबर आहे भाऊजी. तोवर घरी या, नाहीतर ती पण इथेच दाखवायला यावं लागेल." ते रविवारीच घरी आले. डॉक्टरांनी श्रेय अँटिबायोटिकला दिलं.

हे सगळं आमच्या घरात पाहिलं गेलं, आणि आता अलमारीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. त्यावर माझंही नाव आहे.

"अहो, सोमवारी तुमच्या सफारीचा नंबर आहे. तोच घालून वीजबिल भरायला जा."

"अगं, बटण लागत नाही त्याचं."

"मग उघडा ठेवा. आतल्या अस्तराला पण वारा लागू द्या."